कवकतंतूंभोवतीच्या आम्लतेचे सूक्ष्ममापन

कवकतंतूंभोवतीच्या आम्लतेचे सूक्ष्ममापन : वाढत्या बुरशीच्या एकेका तंतूलगत, काही मायक्रोमीटरच्या अंतरात, माध्यमाचा सामू म्हणजेच पीएच कसा बदलतो हे मोजण्याच्या पद्धती. कवकतंतूची जाडी साधारणपणे 2 ते 10 मायक्रोमीटर असते, तर प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या काचेच्या इलेक्ट्रोडचा फुगा काही मिलिमीटर रुंद असतो. तो संवर्धनात बुडवला की साऱ्या कवकजालाची सरासरी हाती येते. तंतू मात्र फक्त टोकाशी वाढतो. टोकाचा सामू आणि मागच्या भागाचा सामू यांत फरक असेल, तर तो या सरासरीत दिसतच नाही.

सामूची मोजपट्टी सोरेन सोरेन्सन यांनी 1909 मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत मांडली. या पट्टीवर एका एककाचा फरक म्हणजे हायड्रोजन आयनांच्या, अर्थात प्रोटॉनांच्या, संहतीत दहापट फरक. सामू 7 असेल तर एक घन मायक्रोमीटर पाण्यात सरासरी जेमतेम 60 मुक्त प्रोटॉन असतात; सामू 5 असेल तर सुमारे 6,000. तंतूने बाहेर टाकलेले बहुतेक प्रोटॉन माध्यमातील बफर लगेच पकडून ठेवतात. म्हणून मोजलेला सामू हा बुरशीचा आणि माध्यमाचा संयुक्त आकडा असतो. बफरचे प्रमाण न सांगता दिलेल्या सामूच्या नकाशाला फारसा अर्थ नाही.

तंतूभोवतीचा सामू बदलण्याची कारणे अनेक आहेत. पेशीपटलातील पंप एटीपी खर्चून प्रोटॉन बाहेर फेकतो. न्यूरोस्पोरा क्रासा या बुरशीत त्यामुळे पटलाच्या दोन्ही बाजूंत सुमारे 200 मिलिव्होल्टचा विद्युतविभव उभा राहतो आणि त्याच्या जोरावर पोषकद्रव्ये आत ओढली जातात. नत्र अमोनियमच्या रूपात मिळाले तर माध्यम आम्ल होते, नायट्रेटच्या रूपात मिळाले तर सामू वाढतो. अ‍ॅस्परजिलस नायजर सायट्रिक आम्ल सोडते, स्क्लेरोटिनिया स्क्लेरोटिओरम ऑक्झॅलिक आम्ल सोडून वनस्पतीच्या ऊती पोखरते. कोलेटोट्रायकमच्या काही जाती उलट अमोनिया सोडून फळाचा सामू वाढवतात.

सर्वांत सोपी पद्धत म्हणजे अगारमध्ये दर्शक रंग मिसळणे. ब्रोमोक्रेसॉल पर्पल सामू 5.2 च्या खाली पिवळा आणि 6.8 च्या वर जांभळा दिसतो. मात्र रंग आणि प्रोटॉन दोन्ही अगारमध्ये पसरत राहतात, त्यामुळे वसाहतीची कड कळते, एकेक तंतू कळत नाही. त्यासाठी सूक्ष्म इलेक्ट्रोड लागतो : टोकाशी सुमारे एक मायक्रोमीटर रुंद असलेली काचेची नळी, आणि त्या टोकात फक्त प्रोटॉनला दाद देणारा द्रव. 25 अंश सेल्सिअसला सामूच्या प्रत्येक एककामागे त्याचा विभव सुमारे 59 मिलिव्होल्टने बदलतो. अशा इलेक्ट्रोडचे वाचन हळूहळू सरकत जाते. यावर उपाय म्हणजे एकच इलेक्ट्रोड तंतूपासून जवळच्या आणि दूरच्या दोन बिंदूंत आळीपाळीने नेणे. दोन वाचनांच्या वजाबाकीत सरकण्याची चूक बरीचशी गळून पडते.

ही युक्ती आली विद्युतप्रवाहाच्या मोजणीतून. लायोनेल जॅफी आणि रिचर्ड नुचितेली यांनी 1974 मध्ये सेकंदाला शेकडो वेळा कंप पावणारी शलाका वर्णिली. ती पेशीभोवतीचे अतिक्षीण प्रवाह टिपू शके. अ‍ॅक्लिया बायसेक्शुॲलिसच्या तंतूंवर ती वापरली तेव्हा टोकातून धनप्रवाह आत शिरतो आणि मागच्या भागातून बाहेर पडतो असे दिसले. 1984 मध्ये नील गो, डॅरिल क्रॉफ आणि फ्रँकलिन हॅरोल्ड यांनी त्याच तंतूलगतचा सामू मोजला : टोकाशी माध्यम तुलनेने अल्कधर्मी, मागे तुलनेने आम्ल. प्रोटॉन अमिनो आम्लांसोबत टोकातून आत जात होते. टोक कुठे वाढायचे हे हा प्रवाहच ठरवतो, अशी कल्पना तेव्हा मोहक वाटली, आणि तसे वाटण्यात नवल नाही. पण 1988 पर्यंत हॅरोल्ड यांच्याच प्रयोगशाळेतील कामाने दाखवले की प्रवाहाची दिशा बदलली तरी टोकाची वाढ चालू राहू शकते. प्रवाह म्हणजे मुख्यतः अन्नग्रहणाची खूण ठरला. मापन अचूक होते, कोसळला तो त्यावर उभारलेला कार्यकारणभाव. अ‍ॅक्लिया हे खरे कवक नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. ते ऊमायसीट, म्हणजे नात्याने तपकिरी शैवलांच्या जवळचे. केवळ तंतूंच्या रूपसाम्यामुळे ते या प्रकरणात आले.

प्रतिदीप्त रंगांनी एकाच वेळी सारे दृश्य टिपता येते. रंगाची मात्रा किंवा दिव्याचा जोर बदलला तरी आकडा हलू नये म्हणून दोन तरंगलांबींवरच्या तेजांचे गुणोत्तर घेतात. बीसीईसीएफ हा रंग सामू 7 च्या आसपास चांगला चालतो. ऑक्झॅलिक आम्लाने 4 पर्यंत उतरलेल्या परिसरात तो जवळजवळ मुका असतो. तिथे ऑरेगॉन ग्रीनसारखा आम्ल परिसरासाठीचा रंग हवा. जेलिफिशच्या हिरव्या प्रथिनापासून 1998 मध्ये घडवलेले पीएचफ्लुओरिन जनुकाद्वारे पेशीतच तयार करवता येते, पण ते सांगते आतला सामू. काही रंग तंतू गिळतो किंवा ते पेशीभित्तीला चिकटतात. मग बाहेरचे म्हणून वाचलेले तेज आतलेच निघते. तीव्र प्रकाशाने वाढ मंदावते, हा आणखी एक त्रास.

अलीकडे तंतू सूक्ष्मप्रवाही चिपच्या काही मायक्रोमीटर रुंद नाल्यांतून वाढवले जातात, म्हणजे प्रत्येक तंतू भिंगाखाली स्वतंत्र सापडतो. मोकळ्या पाण्यात प्रोटॉन दहा मायक्रोमीटरचे अंतर काही मिलिसेकंदांत कापतो. अरुंद, साचलेल्या नालीत त्याला पसरायला जागाच उरत नाही, त्यामुळे आम्लता साठत जाते आणि तोच तंतू बशीतल्यापेक्षा अधिक आम्ल भासतो. मातीतील छिद्रेही अशीच अरुंद असली, तरी तिथे चिकणमाती आणि चुनखडी बफरचे काम करतात. त्यामुळे चिपवरचा आकडा मातीला जसाच्या तसा लावता येत नाही.