तुम्हाला कोणी विचारलं होतं?

आजीचा फोन बटणांचा. त्यावर ती दोनच कामं करते, आलेला फोन उचलते आणि मुलांना फोन लावते. तरीही कित्येक वर्षं तिच्या रिचार्जमध्ये रोजचा डेटा यायचा. तो तिने कधी वापरला नाही. पैसे मात्र भरले, कारण तेवढ्या मुदतीचा डेटाशिवायचा पॅक मिळतच नव्हता. अशी आजी तुमच्याही घरात किंवा शेजारी असेल.

२३ डिसेंबर २०२४ रोजी भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, यात बदल केला. प्रत्येक कंपनीने फक्त कॉल आणि एसएमएससाठीचा निदान एक तरी पॅक ठेवलाच पाहिजे, असा नियम केला. अशा खास पॅकची मुदत पूर्वी जास्तीत जास्त ९० दिवस असायची, ती ३६५ दिवसांपर्यंत नेली. जानेवारी २०२५ मध्ये कंपन्यांनी असे पॅक बाजारात आणले.

हा नियम एका रात्रीत आला नाही. त्याआधी, जुलै २०२४ मध्ये, ट्रायने एक कागद प्रसिद्ध केला होता. त्यात प्रश्न होते आणि त्यांची उत्तरं कोणीही लेखी पाठवू शकत होतं. अशा कागदाला कन्सल्टेशन पेपर म्हणतात. उत्तरं देणाऱ्यांसाठी सरकारी मराठीत ‘हितधारक’ असा जड शब्द आहे. अर्थ साधा आहे: निर्णयाने ज्याचं काही भलंबुरं होणार आहे तो. म्हणजे कंपन्या, ग्राहक संघटना, तुम्ही, आणि आजीसुद्धा.

भारतात सरकार निर्णय घेतं आणि आपण तो वर्तमानपत्रात वाचतो, ही आपल्या अंगवळणी पडलेली गोष्ट. मग टेलिफोनच्या बाबतीत ‘आधी विचारा, मग ठरवा’ ही रीत कुठून आली? आणि विचारलं तरी ऐकलं कोणाचं जातं?

खेळाडूही तोच, पंचही तोच

नव्वदच्या दशकापर्यंत टेलिफोन म्हणजे सरकारी खातं. मुंबई आणि दिल्लीत १९८६ पासून एमटीएनएल होती, तीही सरकारचीच. फोनसाठी नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं थांबायचं. दर खातंच ठरवणार, फोन खातंच जोडणार आणि तो बंद पडला की तक्रारही खात्याकडेच करायची.

१९९४ च्या दूरसंचार धोरणाने खासगी कंपन्यांना दार उघडलं. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून केंद्रीय मंत्री सुखराम यांना दिल्लीत फोन लावला. देशातला तो पहिला मोबाइल कॉल. पण आता नवाच पेच उभा राहिला. परवाना देणारं खातं स्वतः फोनसेवाही पुरवत होतं. मैदानात उतरलेला खेळाडूच पंच असेल, तर समोरच्या संघाने कोणाकडे दाद मागायची?

म्हणून १९९७ मध्ये कायदा करून ट्रायची स्थापना झाली. त्या कायद्याच्या ११ व्या कलमात एक छोटं पोटकलम आहे. प्राधिकरणाने आपले अधिकार वापरताना आणि कामं करताना पारदर्शकता राखली पाहिजे, एवढंच ते सांगतं. लोकांना विचारा, असं त्यात शब्दशः लिहिलेलं नाही. पण त्या एका वाक्याच्या आधाराने कामाची पद्धत बसत गेली. आधी प्रश्नांचा कागद काढायचा. आलेली उत्तरं सगळ्यांना वाचायला खुली ठेवायची. त्या उत्तरांवर इतरांनी प्रत्युत्तरं द्यायची. मग एका सभागृहात खुली चर्चा, आणि शेवटी निर्णय व त्यामागची कारणं. आपल्याकडे सरकारी कामात इतकी पायरी-पायरीने विचारपूस फार कमी ठिकाणी होते.

इनकमिंगचे पैसे

आज विश्वास बसणार नाही, पण सुरुवातीच्या काळात मोबाइलवर आलेला फोन उचलायचेही पैसे पडत. त्यामुळे नंबर बघायचा, फोन कापायचा आणि जवळच्या पीसीओवरून उलट फोन करायचा, ही अनेकांची सवय होती.

फोन करणाऱ्यानेच पैसे भरावेत, असं ट्रायने १९९९ मध्ये ठरवलं. ग्राहकाच्या सोयीचाच निर्णय होता. पण सरकारी कंपनी एमटीएनएल आणि इतरांनी त्याला आव्हान दिलं आणि जानेवारी २००० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो रद्द केला. मुद्दा अधिकाराचा होता. कायद्याने ट्रायला दिलेल्या हद्दीत तो निर्णय बसत नव्हता. त्याच वर्षी सरकारने कायदा बदलला, वाद सोडवण्यासाठी वेगळं न्यायाधिकरण उभं केलं आणि ट्रायच्या अधिकारांची फेरमांडणी केली. त्यानंतर नव्याने नियम झाले आणि १ मे २००३ पासून इनकमिंग फुकट झालं. ‘मिस्ड कॉल दे, मी लावतो’ हे वाक्य खऱ्या अर्थाने त्यानंतर घराघरांत पोचलं.

हेतू चांगला असून भागत नाही, निर्णयाची वाटही कायद्यात बसावी लागते, हा धडा ट्रायला इथे मिळाला. पुढे तो पुन्हा एकदा मिळणार होता.

एकशे अठरा पानं

२७ मार्च २०१५. ट्रायने ११८ पानांचा एक कागद काढला. व्हॉट्सअ‍ॅप, स्काइप अशा इंटरनेटवरून चालणाऱ्या सेवांना परवाना हवा का, त्यांच्यासाठी वेगळे पैसे आकारावेत का, असे वीस प्रश्न त्यात होते. भाषा जड इंग्रजी. एरवी असा कागद कंपन्यांचे वकील आणि मोजके अभ्यासक वाचतात आणि विषय तिथेच संपतो.

या वेळी काही तरुण कार्यकर्त्यांनी तो कागद फोडून साध्या भाषेत मांडला, उत्तरांचा मसुदा तयार केला आणि तो ट्रायला पाठवण्याची ऑनलाइन सोय केली. मुंबईच्या एआयबी या विनोदी गटाने ११ एप्रिलला त्यावर एक व्हिडिओ काढला. काही दिवसांत ट्रायकडे दहा लाखांहून जास्त ईमेल गेले. इंटरनेटवर सगळ्या साइट्सना सारखी वागणूक मिळावी, हे त्या ईमेलचं सार होतं.

एवढ्या उत्तरांसाठी ती पद्धत बनलेलीच नव्हती. उत्तरं खुली ठेवायची या रिवाजाप्रमाणे ट्रायने ती सगळी प्रसिद्ध केली, पाठवणाऱ्यांच्या ईमेल पत्त्यांसकट. पारदर्शकतेच्या नियमाने लाखो लोकांची खासगी माहिती उघड्यावर आली. लोक चिडले, आणि त्यांचं चिडणं रास्त होतं.

डोकी मोजायची की मुद्दे?

त्याच वर्षी फेब्रुवारीत फेसबुकने रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या जोडीने एक योजना आणली होती. महाराष्ट्रासह काही राज्यांत निवडक साइट्स डेटाचे पैसे न भरता उघडत. पुढे तिचं नाव ‘फ्री बेसिक्स’ झालं. डिसेंबरमध्ये ट्रायने नवा कागद काढला, या वेळी चारच प्रश्नांचा. वेगवेगळ्या साइट्ससाठी डेटाचे वेगवेगळे दर लावू द्यावेत का, हा त्यातला कळीचा प्रश्न.

फेसबुकने देशभर जाहिराती केल्या. मार्क झुकरबर्ग यांनी एका इंग्रजी दैनिकात लेख लिहिला. फ्री बेसिक्सवर हवामान आणि बाजारभाव पाहून पुढे गेलेला महाराष्ट्रातला एक शेतकरी त्यांनी त्यात उदाहरणादाखल दिला. शिवाय फेसबुक उघडलं की पाठिंब्याचा तयार ईमेल समोर यायचा. एक बटण दाबलं की तो ट्रायकडे रवाना.

ट्रायकडे सुमारे २४ लाख प्रतिसाद आले. त्यांतले सुमारे १९ लाख फ्री बेसिक्सच्या बाजूचे होते. डोकी मोजली असती तर फेसबुक सहज जिंकलं असतं. पण त्या तयार ईमेलमध्ये विचारलेल्या चार प्रश्नांची उत्तरंच नव्हती. लोकांना मूळ प्रश्न कळवा, असं ट्रायने कंपनीला लिहिलं. विचारपूस म्हणजे मतदान नव्हे, असंही पत्रातून सुनावलं.

८ फेब्रुवारी २०१६ रोजी नियम जाहीर झाला: मजकूर पाहून डेटाचे वेगवेगळे दर लावता येणार नाहीत. मोडला तर दिवसाला ५० हजार रुपये आणि जास्तीत जास्त ५० लाख रुपये दंड. आणीबाणीच्या सेवांना सवलत. सोबत कारणंही होती. जो माणूस अजून इंटरनेटवर आलेलाच नाही, त्याला कोणतं इंटरनेट मिळावं हे जोडणी देणारी कंपनी ठरवू लागली, तर त्याच्यापुढचं जगच ती ठरवेल, असा त्यांचा रोख होता. काही दिवसांतच फेसबुकने भारतातून फ्री बेसिक्स मागे घेतलं.

इथे एक अडचणीची गोष्ट मान्य करायला हवी. एप्रिलमधले दहा लाख ईमेलही बहुतेक तयार मसुद्याचेच होते. फरक एवढाच की त्या मसुद्यात प्रश्नांची उत्तरं होती. आणि दोन्ही वेळी ज्याच्या नावाने सगळे भांडत होते तो गावातला, अजून ऑनलाइन न आलेला माणूस त्या गर्दीत जवळपास नव्हताच. झुकरबर्ग यांच्या लेखात तो शेतकरी होता, पण बोलत होते झुकरबर्ग.

कारण द्या

तीनच महिन्यांनी ट्रायला उलटा फटका बसला. बोलताना मध्येच तुटणाऱ्या कॉलवरून लोक वैतागले होते. ट्रायने नियम केला होता: तुटलेल्या प्रत्येक कॉलमागे कंपनीने ग्राहकाला एक रुपया द्यायचा, दिवसाला जास्तीत जास्त तीन. कंपन्या न्यायालयात गेल्या. ११ मे २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नियम रद्द केला.

कॉल कंपनीच्याच चुकीने तुटतो असं नाही. कधी ग्राहकच तळघरात किंवा लिफ्टमध्ये असतो. ट्रायच्या स्वतःच्या कागदांतही ही बाब होती. मग सगळा दोष कंपनीवर का टाकला, याचं पटेल असं उत्तर नियमात नव्हतं. लोकांचं म्हणणं मागवायचं आणि त्यावर विचार केल्याचं दिसूच द्यायचं नाही, याला पारदर्शकता म्हणता येत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. अमेरिकेत १९४६ च्या कायद्याने नियम करण्यापूर्वी लोकांचं म्हणणं ऐकणं बंधनकारक केलं, तसा कायदा संसदेने करावा, असंही न्यायमूर्तींनी सुचवलं. असा सर्वांना लागू होणारा कायदा आपल्याकडे अजून झालेला नाही.

ग्राहक म्हणून आपल्याला हा निकाल कडू लागतो, रुपया गेला म्हणून. पण ज्या कसोटीवर फ्री बेसिक्सचा निर्णय उजवा ठरतो, त्याच कसोटीवर कॉल ड्रॉपचा नापास होतो. ती कसोटी म्हणजे ऐकलं का, आणि कारण दिलं का.

मोजतं कोण?

मोबाइलचे दर ट्राय ठरवत नाही. दर कंपन्या ठरवतात आणि ट्रायला कळवतात. ट्राय मोजत राहतं. कोणाचे किती ग्राहक, एका ग्राहकामागे किती उत्पन्न, कॉल किती तुटले, डेटा किती वापरला गेला. ट्रायच्या आकड्यांनुसार २०१४ मध्ये एक जीबी डेटा सरासरी २६९ रुपयांना पडायचा. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि २०१८ पर्यंत हा आकडा १२ रुपयांच्या खाली उतरला.

सरासरीचा हा आकडा खरा आहे आणि त्याचा फायदा आपण सगळ्यांनी घेतला. पण आजीचा न वापरलेला डेटा त्या सरासरीत दिसत नाही. डझनभर कंपन्यांच्या जागी आता तीन खासगी आणि एक सरकारी उरली, म्हणजे नाराज ग्राहकाला जायला जागा किती कमी झाली, हेही जीबीच्या भावातून कळत नाही. जे मोजलं जात नाही ते कोणीतरी लिहून कळवावं लागतं. त्यासाठीच तर ते प्रश्नांचे कागद असतात.

आजीच्या बाबतीत ते घडलं. डेटा न लागणाऱ्यांवर डेटा लादला जातोय, हे म्हणणं नोंदलं गेलं आणि नियम बदलला. पॅकची किंमत मात्र कंपनीच्या हाती राहिली, त्यामुळे तिचं काम पूर्ण झालं असंही नाही.

ट्रायचे कागद पुढेही निघत राहतील, बहुधा इंग्रजीतच आणि लांबलचक. त्यांना उत्तरं देणारी टेबलं कंपन्यांकडे आहेत, पगारी माणसं आहेत. आजीकडे तुम्ही आहात. पुढच्या वेळी प्रश्न निघाले की त्यातला एक तरी तिला मराठीत समजावून सांगा, ती काय म्हणते ते लिहा आणि मुदतीच्या आत पाठवा. तिला अजून कोणी थेट विचारलेलं नाही.