पिंक्नी स्ट्रीटवरचं कार्ड

रात्रीचे साडेअकरा वाजलेत. डायनिंग टेबलावर आईची फाइल पसरली आहे. डिस्चार्ज कार्ड, एक्स-रेचा मोठा लिफाफा, मेडिकलची बिलं, स्टेपल मारलेले रिपोर्ट. गुडघ्याच्या ऑपरेशनला आज बरोबर वर्ष झालं. गुडघा अजून पुरता वाकत नाही, जिना उतरताना आई दोन्ही हातांनी कठडा धरते. या वर्षभरात हॉस्पिटलमधून एकच फोन आला, तोही घरी आल्यावर चौथ्या दिवशी. जेवण कसं होतं, वॉर्ड स्वच्छ होता का, पाचपैकी किती गुण द्याल. गुडघ्याबद्दल कोणी काही विचारलं नाही. तुम्ही डिस्चार्ज कार्ड उलटसुलट करून बघता. 'घरी सोडताना प्रकृती' या रकान्यापुढे लिहिलंय 'समाधानकारक'. त्याखाली सही, शिक्का आणि बोटभर कोरी जागा.

त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवा. आपल्याला तिथूनच निघायचंय.

नोव्हेंबर १८९४, बोस्टन. तुम्ही मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये उभे आहात. याच इमारतीत १८४६च्या ऑक्टोबरमध्ये इथर देऊन केलेलं ऑपरेशन जगाने पहिल्यांदा जाहीरपणे पाहिलं. आता अठ्ठेचाळीस वर्षं उलटली आहेत आणि पेशंटला इथर देऊन झोपवायचं काम शिकाऊ पोरांवर सोपवलेलं आहे. इथरचा गोडसर, घशाला लागणारा वास हवेत भरलेला आहे. काही काळापूर्वी इथल्या एका विद्यार्थ्याने असंच इथर दिलं आणि पेशंट टेबलावरच गेला. त्या विद्यार्थ्याचं नाव हार्वी कुशिंग. डॉक्टरकीच सोडून द्यावी, असं त्याच्या मनात आलं होतं. पुढे मेंदूच्या शस्त्रक्रियेत त्याने जगभर नाव काढलं, पण आज तो पंचविशीतला, मनातून हललेला पोरगा आहे. त्याच्या शेजारी त्याचा वर्गमित्र उभा आहे, अर्नेस्ट एमरी कॉडमन.

दोघांनी एक पैज लावली आहे. ज्याच्या हातचं इथर जास्त चांगलं, त्याला दुसऱ्याने जेवण द्यायचं. पण चांगलं म्हणजे काय, ते ठरवायचं कसं? मग ते दर थोड्या वेळाने पेशंटची नाडी मोजतात, श्वास मोजतात आणि कागदावर ठिपके मांडतात. कॉडमनच्या खांद्यावरून वाकून बघा. ठिपक्याला ठिपका जोडत रेष पुढे सरकते आहे. मध्येच नाडीची रेष चढते. तो मान वर करून पेशंटच्या चेहऱ्याकडे बघतो, हातातलं इथर थोडं आवरतं घेतो. रेष खाली येते.

आज आपल्या कुठल्याही ऑपरेशन थिएटरमध्ये भूलतज्ज्ञांच्या हाताशी जो चार्ट असतो, त्याच्या पूर्वजांत हा कागद आहे. आणखी एक गोष्ट इथे घडते आहे. आपल्या हातून काय झालं ते लगेच, पेशंट अजून टेबलावर असतानाच लिहायचं, ही सवय कॉडमनला लागते. ती आयुष्यभर सुटत नाही.

आता सतरा-अठरा वर्षं पुढे चला. बोस्टनमधलाच बीकन हिलचा चढ, अरुंद पदपथ, विटांची घरं. पिंक्नी स्ट्रीट, १५ नंबर. घरासारखं घर, पण आत मोजक्या खाटांचं हॉस्पिटल आहे. कॉडमनने ते १९११मध्ये स्वतःच्या हिमतीवर काढलं. आदल्या वर्षी इंग्लंडमध्ये, एका सॅनेटोरियमहून परतताना, घोडागाडीत शेजारी बसलेल्या सर्जन मित्राला त्याने आपली कल्पना सांगितली होती. कल्पना शाळकरी मुलालाही कळेल इतकी सरळ आहे. प्रत्येक हॉस्पिटलने आपल्या प्रत्येक पेशंटचा पुरेसा काळ माग ठेवायचा आणि उपचारांचा गुण आला का ते बघायचं. नसेल आला, तर का नाही ते शोधायचं, म्हणजे पुढच्या पेशंटच्या वेळी तसं होणार नाही. त्याला तो 'अंतिम परिणाम' म्हणतो.

टेबलाशी बसा. समोर कार्डं आहेत, एका पेशंटचं एक. तक्रार काय होती, निदान काय केलं, उपचार कोणते, घरी जाईपर्यंत काय गुंतागुंत झाली, जाताना निदान काय ठरलं. आणि शेवटचा रकाना आहे वर्षानंतरचा. तोच रकाना तुम्ही घरी शोधत होतात.

रकाना भरायचा तर पेशंटला गाठावं लागतं, बोलावून तपासावं लागतं. 'पुन्हा आला नाही, म्हणजे बरा असणार' हे कॉडमनला चालत नाही. न आलेला माणूस दुसऱ्या डॉक्टरकडे गेला असेल, अंथरुणाला खिळला असेल, गेलाही असेल.

पुढचा भाग वाचायला धीर लागतो. गुण आला नसेल, तर त्याचं कारणही लिहायचं आहे आणि त्या कारणांची त्याने वर्गवारी केली आहे. ज्ञान किंवा कौशल्य कमी पडलं. निर्णय चुकला. काळजी किंवा साधनं अपुरी पडली. निदान चुकलं. ही चारही कारणं डॉक्टर आणि हॉस्पिटलच्या खात्यावर. त्यांच्यानंतर कुठे येतं की आजारच हाताबाहेरचा होता, किंवा पेशंटने उपचार नाकारले. ज्या संकटांवर कोणाचाच ताबा नव्हता तीही मान्य करायची, लोकांना सांगायची आणि पुढे ती कशी टाळता येतील ते शोधायचं.

एक कार्ड उचला. पित्ताशयाच्या खड्यांनी हैराण झालेली बाई. कॉडमनने स्वतः ऑपरेशन केलं. पित्त वाहून नेणाऱ्या मुख्य नळ्याच त्याच्या हातून बांधल्या गेल्या. त्याला त्या क्षणी ते कळलंही नाही. बाई वाचली नाही. आणि हे सगळं लिहिलेलं आहे. चूक कौशल्याची, चूक ढोबळ, आणि झाली तेव्हा आपल्या लक्षातही आली नाही, असं तो स्वतःबद्दल लिहितो. एकही शब्द मऊ केलेला नाही.

हे कार्ड हातात घेऊन थोडं थांबा. आपल्याकडे अशा वेळी काय बोललं जातं ते आठवा. 'कॉम्प्लिकेशन झालं.' 'वय होतं हो त्यांचं.' 'आम्ही आमच्या परीने सगळं केलं.' आणि नातेवाईक म्हणतात, 'तेवढंच आयुष्य होतं.' यातलं प्रत्येक वाक्य कधी ना कधी खरं असतं. म्हणून तर त्यांच्याआड चूकही निवांत लपते, आणि लपलेली चूक पुढच्या आठवड्यात दुसऱ्या खाटेवर पुन्हा होते.

१९११ ते १९१६ या काळात या घरातून ३३७ पेशंट बाहेर पडले. कॉडमनने १२३ चुका नोंदवल्या आणि स्वतःच्या खर्चाने त्या छापून इतर हॉस्पिटलांना पाठवल्या. तुम्ही आता अमेरिकेतल्या सगळ्यात धोकादायक हॉस्पिटलमध्ये बसला आहात, असं वाटतंय का? माझं मत उलटं आहे. त्या काळी आईला कुठे न्यायचं असतं, तर मी इथेच आणलं असतं.

६ जानेवारी १९१५. फेनवेवरच्या बोस्टन मेडिकल लायब्ररीत सभा भरली आहे. विषय हॉस्पिटलांच्या कार्यक्षमतेचा आहे. जागा धरून भिंतीकडे उभे राहा. अध्यक्षस्थानी कॉडमन आहे, पंचेचाळीस वर्षांचा. मागच्याच वर्षी त्याने मॅसॅच्युसेट्स जनरलचा राजीनामा दिला. तिथे बढती ज्येष्ठतेने मिळायची, कामाच्या निकालाने नाही, हा त्याचा आक्षेप होता. राजीनामा दिल्यावर लगेच त्याने मुख्य सर्जनच्या जागेसाठी अर्ज केला. दहा वर्षांतले माझे निकाल इतरांपेक्षा सरस आहेत, नसतील तर ताडून बघा, असा त्याचा दावा होता. ताडून बघायला कोणी तयार झालं नाही.

शहराचे महापौर जेम्स कर्ली आलेत. विटा रचणाऱ्या गवंड्यांच्या हालचाली मोजून काम सोपं करणारे फ्रँक गिलब्रेथ बोलणार आहेत. सभा संपत येते तसा कॉडमन एका भल्यामोठ्या चित्रावरचा पडदा दूर करतो.

चित्रात शहामृग आहे. हे शहामृग म्हणजे बॅक बे या श्रीमंत वस्तीतले पेशंट. मान खाली खुपसलेली, आणि ते पायांनी सोन्याची अंडी मागे डॉक्टरांकडे लाथाडतंय. हॉस्पिटलचे विश्वस्त विचारात पडलेत की पेशंटांचं खरं काय होतं ते त्याला कळलं, तर ते अंडी देत राहील का. हार्वर्डचे अध्यक्ष लॉवेल यांनाही चित्रातून सोडलेलं नाही.

सभागृहात आधी शांतता पसरते, मग खुर्च्या सरकू लागतात. काही जण कोट उचलून निघतात, काही तावातावाने बोलायला उठतात. कॉडमनच्या चेहऱ्याकडे बघा. या चित्राची किंमत किती पडेल, याची त्याला कल्पना असावी.

चित्र बोचरं होतं. ज्यांचं मन वळवायचं, त्यांना भरसभेत असं दुखवू नये, असं मलाही वाटतं. पण तो वर्षानुवर्षं सभ्य भाषेत एकच साधा प्रश्न विचारत होता आणि त्याला उत्तर मिळत नव्हतं, हेही विसरता येत नाही. ही सभा भरवणाऱ्या वैद्यक संघटनेच्या शल्यविभागाचं अध्यक्षपद गेलं. हार्वर्डमधली शिकवण्याची जागा गेली. पुढे पिंक्नी स्ट्रीटवरचं हॉस्पिटलही बंद पडलं.

न्यूयॉर्क, ऑक्टोबर १९१९, मध्यरात्र. वॉल्डॉर्फ-ॲस्टोरिया हॉटेलची भट्टी पेटलेली आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्स या सर्जनांच्या संघटनेने शंभर किंवा अधिक खाटांची ६९२ हॉस्पिटलं तपासली. निकष अगदी प्राथमिक होते. पेशंटची नीट नोंद ठेवली जाते का, डॉक्टर एकत्र बसून कामाचा आढावा घेतात का, प्रयोगशाळा आणि एक्स-रेची सोय आहे का. कसोटीला फक्त ८९ उतरली. नापासांत देशातली नामवंत हॉस्पिटलं निघाली. आकडा जाहीर झाला, पण नावांची यादी वर्तमानपत्रांच्या हाती लागू नये म्हणून इथे आणली आहे. कागद आगीत पडतात, कडा तपकिरी होतात, वळतात. भट्टीची धग तुमच्या तोंडावर येते. त्यातल्या एखाद्या हॉस्पिटलात उद्या सकाळी कोणाची तरी आई भरती होणार आहे.

जाळणाऱ्यांची भीती मला कळते. नाव फुटलं तर लोक दगड हातात घेतील, ही धास्ती आपल्याकडच्या डॉक्टरांनाही अनोळखी नाही. महाराष्ट्रात २०१०मध्ये डॉक्टर आणि हॉस्पिटलांवरच्या हल्ल्यांविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला. जिथे चूक कबूल केल्यावर काच फुटते, तिथे 'माझ्या हातून झालं' असं कोण लिहील? कॉडमनचं कार्ड डॉक्टरच्या धैर्यावर चालतं, तसं समोर बसलेल्या घरच्यांच्या संयमावरही चालतं.

शेवटचा थांबा केंब्रिजमधली माउंट ऑबर्न दफनभूमी. १९४०च्या नोव्हेंबरमध्ये कॉडमन गेला. बायकोच्या माहेरच्या, बाउडिच घराण्याच्या जागेत त्याच्या अस्थी ठेवल्या. वर नावाचा दगड नाही. तुम्ही गवतावर उभे आहात आणि इथे कोण आहे हे सांगणारं काही नाही. वर्षं सरतात. हॉस्पिटलांची तपासणी आणि मानांकन रूढ होतं. मृत्यूंचा आढावा घेणाऱ्या बैठका नेमाने होऊ लागतात. ऑपरेशनआधी नाव, बाजू आणि जागा मोठ्याने विचारून खात्री करायची पद्धत जगभर पसरते. २०१४च्या जुलैमध्ये सर्जन मंडळी इथे जमतात आणि अखेर त्याच्या नावाचा दगड बसतो.

आता परत या.

टेबलावर फाइल तशीच आहे. आतल्या खोलीत आई कूस बदलते, गुडघा हलवताना तिच्या तोंडून 'आई गं' निघतं. तुम्ही पेन घेता आणि डिस्चार्ज कार्डावरच्या बोटभर कोऱ्या जागेत आजची तारीख घालता. खाली लिहिता: ऑपरेशननंतर एक वर्ष. जिना उतरताना दोन्ही हातांचा आधार लागतो. रात्री कूस बदलताना दुखतं. पुढची ओळ सकाळी लिहायची आहे. आई उठली की तिला खुर्चीवर बसवून टाच मागे कुठवर येते ते टेपने मोजायचं, आणि नऊ वाजता ओपीडी उघडली की हे कार्ड घेऊन तिथे जायचं.