मास्टर ऑफ ओरायन ३ : नामधारी सम्राटाचा खेळ

बुद्धिबळाप्रमाणे आळीपाळीने चाली करावयाच्या संगणकीय खेळांत ‘मास्टर ऑफ ओरायन’ या अंतराळ-साम्राज्याच्या मालिकेचे स्थान मानाचे आहे. सिमटेक्स या अमेरिकी कंपनीचा पहिला खेळ १९९३ मध्ये आला. शोध, विस्तार, साधनसंपत्तीचा वापर आणि शत्रूचा नायनाट या चतुःसूत्रीला ‘फोर एक्स’ हे नाव समीक्षक ॲलन एमरिक यांनी याच खेळाचा परिचय करून देताना दिले. १९९६ चा दुसरा भाग आजही आवडीने खेळला जातो.

तिसरा भाग क्विकसिल्व्हर सॉफ्टवेअरने घडविला आणि इन्फोग्राम्सने फेब्रुवारी २००३ मध्ये बाजारात आणला. रचनाकारांत आरंभी स्वतः एमरिक होते. मात्र खेळ पूर्ण होण्यापूर्वीच ते बाहेर पडले. खेळाडूने प्रत्येक चालीत मोजकेच निर्णय घ्यावेत आणि उरलेला कारभार संगणकचालित सुभेदारांनी पाहावा, अशी मूळ कल्पना होती. निर्मितीच्या काळात निर्णयांवरील मर्यादा वगळण्यात आली. सुभेदार तेवढे राहिले. परिणामी सम्राट नामधारी ठरला. त्याच्यापुढे आकड्यांचे तक्ते होते, पण आपल्या चालीने काय साधले, हे त्याला उमगेना. चाहत्यांची निराशा झाली आणि मालिका थांबली. २०१६ मध्ये ती पुन्हा अवतरली, तेव्हा निर्मात्यांनी पहिल्या दोन भागांचाच साचा स्वीकारला.