विहिरीवरच्या साती आसरा

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत आपल्या भागातील जुन्या चालीरीतींविषयी काही यावे, असे मंडळाच्या बैठकीत ठरले. मी काही विदुषी नव्हे, शिक्षण सातवीपर्यंतचे. परंतु पाणी भरण्यात जिचे अर्धे आयुष्य गेले, तिने पाण्याच्या देवतांविषयी चार शब्द लिहिले तर ते अस्थानी ठरू नयेत.

मुलांच्या गोष्टींत परी येते. हा शब्द फारशीतून आलेला. आपली परी निराळी. तिला पंख नाहीत, ती पाण्यात राहते आणि ती एकटी नाही. त्या सात बहिणी आहेत. संस्कृतात ‘अप्’ म्हणजे पाणी. पाण्यात वावरणारी ती अप्सरा. लोकांच्या तोंडी अप्सरेची आसरा झाली. मत्सी, कूर्मी, कर्कटी, दर्दुरी, जतुपी, सोमपा आणि मकरी अशी त्यांची नावे सांगतात. मासोळी, कासवी, खेकडी, बेडकी, मगर! नावे ऐकली की डोहात डोकावल्यासारखे वाटते. काठावर सात दगड ओळीने मांडून शेंदूर लावला की झाले त्यांचे देऊळ. हळद-कुंकू, हिरव्या बांगड्या, खणा-नारळाची ओटी एवढ्यावर त्या संतुष्ट होतात.

ही पूजा फार जुनी असावी. पुण्याकडच्या मावळात पाण्याकाठच्या अशाच देवतांना मावळाया म्हणतात. कार्ल्याच्या लेण्यांतील सातवाहनांच्या काळच्या लेखात त्या मुलखाचे नाव ‘मामाल’ असे आले आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात त्या नावाचा संबंध या देवींशी जोडला आहे. आपल्या मराठवाड्यातही वेरूळला चौदाव्या व एकविसाव्या लेण्यात सप्तमातृका ओळीने बसलेल्या आहेत. एकविसाव्या लेण्याच्या बाहेर मगरीवर उभी असलेली गंगा आहे. मातृका आणि आसरा एकच असे मी म्हणत नाही. पण सात जणींची ओळ आणि पाण्याला बाईचे रूप, या दोन्ही गोष्टी दगडात कोरल्याला हजाराहून अधिक वर्षे झाली, एवढे खरे.

या देवता नुसत्या रानात राहिल्या नाहीत. बायकांनी त्यांना घरात आणले. बाळंतीण सव्वा महिन्यानंतर प्रथम पाण्याला जाते, तेव्हा ती विहिरीची पूजा करते. आता विहीर नसली तर हातपंपाला किंवा नळाला हळद-कुंकू लावते. भाद्रपदात आपल्याकडे महालक्ष्म्या येतात. अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठेवर पूजन, मूळ नक्षत्रावर विसर्जन. दारापासून देवघरापर्यंत पावले काढून आपण त्यांना सगळे घर दाखवतो. कोकणाकडच्या काही घरांत तर नदी-विहिरीकाठचे खडेच गौरी म्हणून वाजतगाजत आणतात. पाण्याकाठची देवी पाहुणी म्हणून घरात येते ती अशी.

परंतु भगिनींनो, या श्रद्धेला भीतीची एक बाजू आहे. तिच्याविषयी आपण बोलत नाही. मी दहा-अकरा वर्षांची असताना माहेरी आमच्या शेजारच्या घरातील नवी सून एका पहाटे विहिरीत सापडली. ‘आसरांनी ओढली,’ असे जाणत्या माणसांनी सांगितले. विहिरीला नारळ फोडला, सात दगडांना नवा शेंदूर लावला आणि विषय मिटला. आदल्या रात्री त्या घरातून रडणे ऐकू आले होते. ते आमच्या आईने ऐकले होते, मीही ऐकले होते. कोणी विचारले नाही आणि आम्ही सांगितले नाही. जी देवी बाळंतिणीची पूजा घेते, ती कोणाची लेक कशाला ओढील? माणसांनी केलेले पाप आम्ही सर्वांनी मिळून देवीच्या माथी मारले. ही रुखरुख अजून माझ्या मनातून जात नाही.

आजाराचेही तसेच. पूर्वी नारू झाला की कोणी तो देवीचा कोप समजे. खरे कारण पाण्यात होते. पायावर नारूचा फोड झालेला माणूस पायऱ्यांच्या विहिरीत उतरे, फोडातून नारूची बारीक पिल्ले पाण्यात जात आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या जलकिड्यांतून दुसऱ्याच्या पोटात शिरत. पाणी फडक्याने गाळून पिण्याची सवय लागली, पायऱ्या बुजवल्या, तेव्हा नारू हटला. २००० साली आपला देश नारूमुक्त ठरला. नवसाने जे झाले नाही, ते फडक्याने झाले.

म्हणून पूजा सोडावी काय? मला तसे वाटत नाही. आपले इस्लापूर पैनगंगेच्या आधाराने वसलेले. सहस्रकुंडाला पाणी कोसळताना पाहिले की हात आपोआप जोडले जातात. पण ज्या विहिरीला आपण हळद-कुंकू वाहिले, तिच्यातच नळ आल्यावर केरकचरा टाकू लागलो. २०१६ साली लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, हे आपण विसरू नये.

माझी मंडळाला एक सूचना आहे. यंदा महालक्ष्म्यांच्या आधी आपण जमून आपापल्या वाडीतील एकेक विहीर साफ करून घ्यावी, तिला कठडा आणि जाळी बसवून घ्यावी, मगच ओटी भरावी. आणि शेजारच्या घरातून रात्री रडणे ऐकू आले, तर सकाळी हळदी-कुंकवाचे निमित्त करून तिच्या दारी जावे, तिची विचारपूस करावी. आसरा या शब्दाचा दुसरा अर्थ आधार असा आहे. तो आपण एकमेकींना दिला, तर साती बहिणी आपल्या घरी आल्या असे मी समजेन.