दोन एक्के आणि दहा हजार डॉलर

1977 सालचा मे महिना. लास व्हेगासच्या फ्रीमाँट स्ट्रीटवर दिवस मावळलाय, पण फरशीतून धग अजून वर येतेय. पायोनियर क्लबवरचा निऑनचा काऊबॉय हात हलवतोय. त्याला मागे टाकून तुम्ही बिनियन्स हॉर्सशू कॅसिनोत शिरता. आत एका भल्यामोठ्या नालाच्या चौकटीत दहा-दहा हजारांच्या शंभर नोटा मांडल्यात. दहा लाख डॉलर! पर्यटक त्यापुढे उभे राहून फोटो काढून घेताहेत.

आतल्या बाजूला पोकरची जागतिक स्पर्धा भरली आहे. 34 खेळाडूंनी प्रत्येकी 10,000 डॉलर भरलेत. गेल्या वर्षीचा विजेता, टेक्ससचा डॉयल ब्रन्सन, त्यांच्यात आहे. यंदाही तोच जिंकणार, हे या इमारतीत फक्त तुम्हाला ठाऊक आहे.

पण तुमची खुर्ची शेजारच्या कॅश गेममध्ये आहे. स्पर्धेतली चिप म्हणजे स्पर्धेत टिकून राहण्याचं साधन. इथली चिप म्हणजे रोख पैसा, हवं तेव्हा उठून घरी नेता येणारा. खेळ नो-लिमिट आहे, म्हणजे आपल्या पाळीला समोरचे सगळे पैसे एका झटक्यात पुढे ढकलता येतात. मात्र टेबलावर आहे तेवढंच पणाला लागतं. खिशात हात घालायचा नाही. तुमच्यापुढे 10,000 डॉलर आहेत, त्या नालातल्या एका नोटेएवढे. समोरच्या हॅटवाल्यापुढेही तेवढेच.

डीलर पत्ते पिसतो, वाटतो. तुम्ही कोपरा उचलून बघता. इस्पिकचा एक्का. चौकटचा एक्का.

हे 221 हातांत सरासरी एकदाच घडतं. छातीत ठोके वाढतात आणि लगेच पहिला मोह येतो: हळूच थोडे टाकू, सगळ्यांना आत येऊ देऊ. थांबा. एकाच अनोळखी हाताशी गाठ असेल, तर एक्क्यांची जोडी शंभरातल्या सुमारे 85 वेळा जिंकते. असे चार हात शेवटपर्यंत राहिले, तर साधारण 56 वेळा. शिवाय चौघांपैकी नेमकं कोण पुढे गेलंय, हे ओळखणं तुम्हाला जड जाईल. एक्के तेच आहेत. गर्दी वाढली की त्यांचं बळ घटतं.

ब्लाइंड, म्हणजे पत्ते बघण्याआधी दोघांनी सक्तीने टाकायचे पैसे, 50 आणि 100 डॉलरचे आहेत. दोघे नुसते शंभर टाकून आत आलेत. अशा वेळी मोठ्या ब्लाइंडच्या तिप्पट, आणि आधी आलेल्या प्रत्येकामागे आणखी एक ब्लाइंड, हा अंदाज चांगला. तुम्ही 500 करता. बाकीचे पत्ते टाकतात. हॅटवाला वरचे 400 भरतो. मध्ये, म्हणजे पॉटमध्ये, 1,250 डॉलर जमलेत. तुम्हा दोघांपुढे प्रत्येकी 9,500 उरलेत.

आता बारकाईने बघा. मागे उरलेली रक्कम पॉटच्या साडेसात पटींहून जास्त आहे. पुढे असते फक्त 2,000, तर फ्लॉपनंतर, म्हणजे मधले पहिले तीन सामायिक पत्ते उघडल्यावर, डोळे मिटून आत जायला हरकत नव्हती. पण इथे मागे खोल पाणी आहे. छोट्या जोडीला फ्लॉपवर तिसरा जुळा पत्ता साधारण साडेआठांत एकदाच मिळतो. तरीही 400 भरून 9,500 चं स्वप्न बघणं हॅटवाल्याला परवडतं. जितका पैसा मागे, तितकी नुसती एक जोडी दुबळी.

फ्लॉप उघडतो. बदामाचा राजा, बदामाची नव्वी, किलवरची चव्वी.

हॅटवाला बोटाने टेबल ठोठावतो. चेक, म्हणजे पैसे न टाकता पाळी पुढे. पाळी तुमची. किती?

250 टाकून बघा मनातल्या मनात. त्याच्याकडे दोन बदाम असतील आणि आणखी एक मिळून पाच बदाम व्हायची तो वाट बघत असेल, तर 250 भरून तो 1,750 च्या पॉटवर हक्क सांगेल. त्याला शंभरातल्या 14 वेळाच जिंकायला हवं. न दिसलेल्या 47 पत्त्यांपैकी 9 बदाम आहेत, म्हणजे पुढच्या एकाच पत्त्यात 19 टक्के संधी. तुम्ही त्याला स्वस्तात दुकान उघडून दिलंत. उलट भीतीपोटी सगळे 9,500 ढकललेत, तर राजा धरून बसलेला माणूस निमूट पत्ते टाकेल, आणि नव्वीची तिकडी धरून बसलेला आनंदाने भरेल. तुम्हाला पैसे देणारा पळाला, घेणारा उरला.

बेट म्हणजे समोरच्याच्या आशेला तुम्ही लावलेला भाव. भाव इतका हवा की आशा त्याला महाग पडावी, पण विकत घ्यावीशीही वाटावी.

दुसरं गणित शेवटापासून मागे यायचं. पैसे टाकायच्या तीन वेळा आहेत: आत्ता फ्लॉपवर, मग चौथ्या पत्त्याला म्हणजे टर्नला, आणि पाचव्या, शेवटच्या पत्त्याला म्हणजे रिव्हरला. तिन्ही वेळा पॉटच्या निम्मे टाकलेत आणि त्याने ते भरले, तर तुमचे एकूण 4,375 आत जातील. तिन्ही वेळा पॉटएवढे टाकायचे म्हटले, तर 16,250 लागतील; तेवढे तर तुमच्याकडे नाहीतच. प्रत्येक बेट पुढच्या पॉटला फुगवते, म्हणून पहिल्या वेळचा फरक शेवटी कितीतरी पट होतो. 9,500 तीन टप्प्यांत सारख्या प्रमाणात घालायचे, तर दर वेळी पॉटच्या पाऊणपटीहून किंचित जास्त पडतात. रिव्हरवर किती मागायचे, हे फ्लॉपवरच ठरतं.

तुम्ही 950 मोजून पुढे सरकवता. बदाम शोधणाऱ्याला आता शंभरातल्या 30 वेळा जिंकायला हवं. हॅटवाला सिगारच्या धुरातून तुमच्या चिप्सच्या थप्पीकडे बघतो, तुमच्याकडे नाही. तोही मागे किती उरलंय हेच मोजतोय. भरतो. पॉट 3,150.

टर्नला इस्पिकची दुर्री. या पत्त्याने काही बदललं नाही. चेक. तुम्ही 2,400 टाकता. या वेळी तो बराच वेळ घेतो. मग भरतो. पॉट 7,950. तुमच्यापुढे 6,150.

रिव्हर. बदामाची सत्ती.

हॅटवाला चेक करत नाही. दोन्ही तळहातांनी सगळ्या चिप्स पुढे ढकलतो. 6,150.

कान गरम होतात. इतका वेळ तुम्ही भाव लावत होता. आता भाव त्याने लावलाय. तुम्हाला शंभरातल्या 30 वेळा बरोबर ठरणं पुरेसं आहे. पण विचारा स्वतःला: दोनदा भरलेला हा माणूस, तिसरा बदाम पडल्यावर, कुठला कमजोर हात घेऊन सगळं पुढे ढकलेल? राजावाला आता चेक करून स्वस्तात उघडायला बघेल. तुमच्याकडे एकही बदाम नाही. तिन्ही टप्प्यांचा आराखडा होता, पण तो या पत्त्यासाठी नव्हता.

तुम्ही दोन्ही एक्के उपडे सरकवता. त्याच्याकडे काय होतं, ते तो दाखवत नाही. तुम्हाला कधीच कळणार नाही.

तुमचे 3,850 गेले, 6,150 उरले. आणि तुम्ही चुकीचं खेळला नाहीत. बदाम शोधणाऱ्याला दोन्ही वेळा त्याच्या संधीपेक्षा महाग भाव लावलात, राजावाल्याला भरता येईल असाच लावलात. तो भाव रोज लावत राहिलात, तर बहुतेक वेळा बदाम येत नाही आणि पॉट तुमच्याकडे येतो.

पुढच्या वर्षी, 1978 साली, ब्रन्सन आपल्या खेळाचं पुस्तक छापेल. ‘सुपर/सिस्टिम’ या नावाने ते जगभर जाईल. 2007 साली आणखी एक पुस्तक येईल आणि मागे उरलेल्या पैशाचं पॉटशी असलेलं प्रमाण टप्प्याटप्प्याने मोजायला शिकवेल. तुम्हाला ते आजच उमगलंय.

म्हणून पुन्हा एक्के आले, की हातातल्या पत्त्यांवरून रक्कम ठरवू नका. आधी तीन गोष्टी बघा: मध्ये किती आहे, मागे किती आहे, आणि तुमच्यापेक्षा कमजोर असलेला कोण हा भाव देईल. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर सापडलं नाही, तर एक्केसुद्धा सोडून द्या.