वय वाढतं तसं फॅटी लिव्हर का बळावतं?

सुरतच्या उधना, लिंबायत भागात तरुणपणी खान्देशातून लूमवर आलेली पिढी आता साठीकडे झुकलीय. सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघालं, तरी ‘एसजीपीटी नॉर्मल आहे ना, मग झालं’ म्हणत रिपोर्ट कपाटात जातो. फसगत इथंच होते.

खरा धोका चरबीपेक्षा यकृतावर पडणाऱ्या व्रणांचा, म्हणजे फायब्रोसिसचा. दारूला न शिवणाऱ्यांनाही तो होतो आणि वर्षानुवर्षं साचतो. उतारवयात यकृताचा रक्तपुरवठा घटतो, झीज सावकाश भरते. पाळी गेल्यावर बायकांचाही धोका वाढतो.

म्हणून डॉक्टर ‘फिब-४’ काढतात; त्यात वयही धरतात. समजा एसजीओटी, एसजीपीटी दोन्ही ३६ आणि प्लेटलेट २ लाख. पस्तिशीत उत्तर येतं १.०५, साठीत तेच १.८! १.३ च्या वर गेलं की फायब्रोस्कॅनसारखी पुढची तपासणी सांगतात. पासष्टीनंतर ही मर्यादा २ धरतात. लागणारे तिन्ही आकडे साध्या रक्ततपासणीत मिळतात.