९० व्होल्ट की ६०? एका सर्व्हिस मॅन्युअलच्या समासातली गोष्ट

पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षी मी एक चूक केली. गाईडच्या नजरेतून ती सुटली, माझ्या तर सुटलीच, आणि शेवटी पकडली गेली वाघोलीत, नगर रस्त्यालगतच्या एका दुरुस्तीच्या दुकानात. तुम्ही सध्या संशोधनाचा प्रस्ताव लिहीत असाल, तर आधी हे वाचा.

माझा विषय आहे रेडिओच्या दुरुस्तीचा इतिहास. रेडिओ घरात कसा आला, हे शोधणं तसं सोपं आहे. जाहिराती सापडतात, पोस्टातून काढावं लागणारं लायसन्स सापडतं, २ ऑक्टोबर १९५३ ला पुणे आकाशवाणी सुरू झाली आणि १९५७ मध्ये विविध भारती, हे कुठल्याही पुस्तकात मिळतं. पण तो रेडिओ बंद पडल्यावर काय झालं? तापकीर गल्लीत पार्ट घेतले, जुन्या बाजारातून दुसरा मोडका सेट आणून त्याचे वॉल्व्ह काढले, असं जुनी माणसं सांगतात. त्याचा कागद कुठे असतो?

एक कागद असतो: सर्व्हिस मॅन्युअल. कंपनी ते गिऱ्हाइकासाठी नाही, डीलर आणि मेकॅनिकसाठी छापायची. त्यात सर्किट, पार्टची यादी, आयएफ जुळवण्याचा क्रम, आणि कुठल्या टोकाला किती व्होल्ट मिळायला हवेत याचा तक्ता.

त्या दुकानातल्या काकांकडे अशी एक जाडजूड फाइल आहे, त्यांच्या वस्तादांकडून आलेली. वस्तादांनी छापील आकड्यांशेजारी पेन्सिलीने स्वतः मोजलेले आकडे लिहिलेत. एका वॉल्व्ह रेडिओच्या पानावर ऑडिओ वॉल्व्हच्या अ‍ॅनोडला छापील ९० व्होल्ट, पेन्सिलीत ६०. मला घबाड सापडल्यासारखं झालं! वाघोली पुणे महापालिकेत आली ३० जून २०२१ ला; त्याआधी ती ग्रामपंचायत, आणि वस्तादांच्या काळात तर खेडंच. मी प्रकरणात लिहून टाकलं: खेड्यात विजेचा दाब कमी, कंपनीचे आकडे शहरासाठीचे, समासातली पेन्सिल हा त्याचा पुरावा. वाक्य छान होतं. दोन परिषदांत वाचलंही.

काकांना ते वाचून दाखवलं, तर ते हसले. "अगं, लाइट कमी असती तर वरचा आकडापण पडला असता. हे बघ, एचटी किती लिहिलीय?"

छापील २५०, पेन्सिलीत २४५.

"मग तिथे लाइट पुरली आणि खाली नाही पुरली, असं होईल का? मीटरसुद्धा पितो गं."

आता हे नीट समजून घ्या, कारण सगळं इथेच आहे. मीटर लावला की थोडा करंट त्याच्यातूनही वाहतो. किती, ते मीटरवर अवलंबून. वस्तादांचा मीटर (काकांच्या फळीवर अजून आहे) प्रतिव्होल्ट १,००० ओहमचा. म्हणजे १०० व्होल्टच्या रेंजवर तो स्वतःच एक लाख ओहमचा रेझिस्टर झाला. अ‍ॅनोडला करंट येतो तो मोठ्या रेझिस्टरमधून, अगदी जेमतेम. त्यातला वाटा मीटरने घेतला की व्होल्टेज खाली बसतं. एचटीच्या टोकाला करंट भरपूर असतो, तिथे मीटरचं पिणं जाणवत नाही. दाब कमी असता तर दोन्ही आकडे साधारण एकाच प्रमाणात उतरले असते.

तक्त्याखाली बारीक अक्षरात लिहिलेलंही होतं, की आकडे प्रतिव्होल्ट २०,००० ओहमच्या मीटरने घेतले आहेत. पानाचा फोटो काढताना माझ्याकडून तेवढीच ओळ कापली गेली होती. (पूर्ण पान घ्या. कडांसकट, मागच्या बाजूसकट.)

म्हणजे ६० हा आकडा वाघोलीच्या विजेबद्दल काहीच सांगत नाही. तो वस्तादांच्या मीटरबद्दल सांगतो, आणि माझ्या मते ते जास्त मोलाचं आहे. आपल्या स्वस्त मीटरवर चांगल्या सेटमध्ये काय दिसतं, याची त्यांनी स्वतःची यादी केली होती. पुढचा रेडिओ आला की छापील ९० शी नाही, आपल्या ६० शी ताडून पाहायचं.

माझं आणखी एक गृहीतक त्याच फाइलमध्ये गेलं. मेकॅनिक सगळं हातानेच शिकले, कागदाशी त्यांचा संबंध नव्हता, असं मी धरून चालले होते. पण एका ट्रान्झिस्टर रेडिओच्या सर्किटावर शेवटचे दोन एसी १२८ खोडून 'एसके १००' लिहिलंय, आणि शेजारच्या रेझिस्टरची किंमतही बदललीय. एसी १२८ जर्मेनियमचा, एसके १०० सिलिकॉनचा. जर्मेनियमचं काम सुमारे ०.२ व्होल्टवर भागतं, सिलिकॉनला ०.६ च्या आसपास लागतात. नुसता ट्रान्झिस्टर बदलला तर आवाज बारीक केल्यावर फाटतो, म्हणून बायस वाढवावा लागतो. हे करणाऱ्याला सर्किट वाचता येत होतं. शिवाय त्या पानाला दोन तारखा आहेत: छपाईची मुखपृष्ठावर मिळेल, पेन्सिलीची नाही. ती एसके १०० बाजारात आल्यानंतरची, एवढंच म्हणता येतं.

प्रकरणातली साडेतीन पानं काढली. परिषदेच्या संयोजकांना दुरुस्तीचं पत्र पाठवलं. हात थोडा थरथरला, खोटं कशाला बोलू.

काका दुकान बंद करतायत. मुलाने फाइल रद्दीत घालायची म्हणून बांधून ठेवली होती, ती सध्या माझ्याकडे आहे, दिवाळीपर्यंत. रोज वीस पानं स्कॅन करते. मीटरचा फोटोही घेतलाय, डायलवरची ओहमची ओळ वाचता येईल असा.